रंगभूमीचा पोशिंदा कोण?



नाटक, गाणे, तमाशा यांचा इतिहास आपण बहुधा कलावंतांच्या नावांनी सांगतो. भावे, किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, बालगंधर्व, केशवराव भोसले ही नामावळी तोंडपाठ असलेले रसिक आपल्या गावोगावी आहेत. ते योग्यच आहे. परंतु या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. ती वहीखात्याची. पडदा वर गेला, त्या पडद्याचे पैसे कोणी दिले होते? दिव्यांत तेल कोणी घातले? मंडळी गावात उतरली, तेव्हा तिच्या पंक्तीचा खर्च कोणाच्या नावावर पडला? आणि ज्याने तो सोसला त्याने त्याच्या बदल्यात काय मागून घेतले? हे प्रश्न रुक्ष वाटतील. पण त्यांची उत्तरे पाहिल्याशिवाय, कलेला समाजाने पोसावे की नाही आणि पोसावे तर कसे, या आजच्या वादात आपल्याला धड बोलता येणार नाही.

आरंभ सांगलीपासून करू. १८४२ साली कर्नाटकातील भागवत मंडळींचा खेळ सांगलीस झाला. सांगलीचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी तो पाहिला आणि तशाच तऱ्हेचे, पण अधिक नेटके खेळ मराठीत व्हावेत, अशी इच्छा विष्णुदास भावे यांच्याजवळ व्यक्त केली. पुढील वर्षी, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले. हा दिवस आपण आजही रंगभूमी दिन म्हणून पाळतो. राजाच्या मनात आले आणि वर्षभरात एक नवी कला उभी राहिली, हे राजाश्रयाचे बळ होय. त्याची दुबळी बाजू दिसायलाही फार काळ लागला नाही. १८५१ साली आप्पासाहेब वारले. त्यांच्यामागे कारभार ज्यांच्या हाती आला त्यांना नाटकाची तशी आस्था नव्हती. आश्रय तुटला आणि भाव्यांना आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरणे भाग पडले. राजाने दिले होते ते मनापासून दिले होते, याबद्दल शंका नाही. पण ते त्याच्या मनावर अवलंबून होते, आणि मन माणसाबरोबर जाते.

या आपत्तीतून जे निष्पन्न झाले ते मात्र राजाच्या देणगीपेक्षा मोठे ठरले. १८५३ साली भाव्यांच्या मंडळीने मुंबईस ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ केले. हे नाटकगृह १८४६ साली उघडले होते, आणि त्याच्या उभारणीत नाना शंकरशेट यांच्यासारख्या शहरातल्या धनिक गृहस्थाचा हात होता. तिकीट ही आज आपल्याला अगदी क्षुल्लक वस्तू वाटते. पण त्या काळी तिच्यात केवढा पालट भरला होता, याचा विचार करा. दरबारात खेळ पाहायला बोलावणे लागत असे. नाटकगृहात जायला पैसे पुरत. दरबारात कलावंत एका धन्याचे मन राखीत असे. येथे अनोळखी शेकडो लोक हेच त्याचे धनी झाले. मराठी नाटक लोकांचे झाले ते या तिकिटामुळे.

याच सुमारास आश्रयाचा आणखी एक प्रकार महाराष्ट्रात होता, तो सरकारी. पेशवाईत ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा प्रघात होता. कंपनी सरकारने त्या पैशातील काही भाग मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्याकडे वळविला आणि त्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी नेमली. १८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठविले. अडाणी कुणबी कुटुंबाला धर्माच्या नावाने कसे नाडले जाते आणि विद्येने त्याचे डोळे कसे उघडतात, हा त्या नाटकाचा विषय. कमिटीने ते स्वीकारले नाही. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहाने असे झाले, असे जोतीरावांनीच पुढे नमूद करून ठेवले आहे. ते नाटक छापले गेले १९७९ साली, म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षांनी. सार्वजनिक पैसा सार्वजनिक असला, तरी तो वाटणारे हात कोणाचे आहेत यावर सारे अवलंबून असते, हा धडा आपल्या इतिहासाने इतक्या लवकर दिलेला आहे. नाटकाला नकार मिळाला तरी विचार थांबला नाही. पुढे सत्यशोधक जलसे आणि त्यानंतर आंबेडकरी जलसे खेडोपाडी हिंडले. त्यांना कमिटीची शिफारस नव्हती आणि नाटकगृहही नव्हते. चावडीपुढे किंवा वस्तीच्या मोकळ्या जागेत गॅसबत्ती लावून जमलेले लोक हाच त्यांचा आश्रय होता.

तिकिटाच्या आश्रयावर मराठी रंगभूमीने सुमारे ऐंशी वर्षे काढली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' झाले, आणि त्यानंतर नाटक मंडळी ही एक चालती संस्थाच बनली. एकेका मंडळीत नट, गवई, साथीदार, पडदे रंगविणारे, कपडेवाले, आचारी अशी मोठी माणसे असत. मंडळी एका गावी महिना-दोन महिने मुक्काम करी आणि तेथून पुढच्या गावी जाई. हा सारा प्रपंच प्रेक्षकांच्या पैशांवर चाले. आणि येथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हा व्यवहार एकेरी नव्हता. गावात शाळेची इमारत अडली असेल, वाचनालयाला पैसा हवा असेल, एखाद्या फंडाला मदत पाहिजे असेल, तर गावकरी मंडळीकडे जात आणि मंडळी त्या कार्यासाठी एक खेळ करून देत असे. गाव नाटकाला पोशी आणि नाटक गावाच्या उपयोगी पडे. दोन्ही बाजूंना जमाखर्च होता.

या देवघेवीचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे १९२१ सालचे संयुक्त 'मानापमान'. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, टिळक स्वराज्य फंडासाठी, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनी मिळून खाडिलकरांच्या या नाटकाचा प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. लोकांनी गर्दी केली ती दोन गळे एकाच रात्री ऐकायला मिळणार म्हणून, हे खरे आहे. पण त्या गर्दीचा पैसा देशाच्या कामाला गेला. त्यानंतर तीन महिनेही उलटले नाहीत तोच, ऑक्टोबरमध्ये, केशवराव ऐन तारुण्यात निवर्तले. त्या प्रयोगाची आठवण शंभर वर्षे टिकली याचे एक कारण हेही असावे.

पैशाखेरीज या रंगभूमीने समाजाला आणखी काय दिले? देवलांचे 'शारदा' १८९९ साली आले. म्हाताऱ्याच्या गळ्यात पोरवयाची मुलगी बांधण्याच्या चालीविरुद्ध लेख आणि व्याख्याने तोवर पुष्कळ झाली होती. परंतु व्याख्यानाला जे येत नसत ते नाटकाला आले, आणि घरी जाताना शारदेचे दुःख बरोबर घेऊन गेले. बालविवाहाला आळा घालणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९२९ साली झाला. तो एका नाटकाने झाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, पण त्यासाठी लोकांचे मन मऊ करण्यात या नाटकाचा वाटा होता, हे कोणी नाकारणार नाही. १९०७ साली खाडिलकरांचे 'कीचकवध' आले. कीचकात लोकांना कर्झनसाहेब दिसला आणि द्रौपदीत पारतंत्र्यात पडलेला देश दिसला. सरकारलाही तेच दिसले, आणि १९१० साली त्याने नाटकावर बंदी घातली. नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा सरकारने १८७६ सालीच करून ठेवला होता. तो कायद्यांच्या यादीतून निघाला २०१८ साली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग हा तिकिटाचा आश्रय डळमळला कशाने? एक कारण बाहेरचे होते. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. बोलपट स्वस्त होता, दिवसातून अनेक वेळा दाखविता येत होता, आणि त्याला आचारी लागत नव्हता. नाटकगृहाच्या मालकाने हिशेब केला आणि एकामागून एक नाटकगृहांत पांढरे पडदे लागले. दुसरे कारण आतले होते. मंडळ्यांचा थाट मिळकतीच्या पुढे गेला होता. खऱ्या जरीचे शालू आणि अत्तराचा घमघमाट यांची गंधर्व नाटक मंडळीची कीर्ती आपण कौतुकाने सांगतो. कर्जाची गोष्ट त्याच कौतुकाच्या पाठीमागे आहे. प्रेक्षकांनी बालगंधर्वांवर जीव टाकला यात संशय नाही. पण तिकिटाचे नाते त्या रात्रीपुरते असते. पुढच्या रात्री प्रेक्षक दुसरीकडे वळला तर त्याला कोणी विचारू शकत नाही. लोकप्रियता आणि आधार या दोन वस्तू निराळ्या आहेत, हे मंडळ्यांच्या पडत्या काळात फार जणांना कळले.

संगीताची वाटचालही काहीशी अशीच आहे. थोर गवई संस्थानांच्या पदरी असत. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ती वाट सोडली आणि १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, ते जलशांच्या उत्पन्नावर आणि लोकांच्या देणग्यांवर. गवयाने समाजात ताठ मानेने वावरावे, हा त्यांचा हेतू होता, आणि लोकाश्रयाखेरीज तो साधला नसता. पण मुंबईत संस्थेसाठी उभारलेली इमारत कर्जापायी त्यांच्या हातातून गेली. लोकांनी पैसा दिला, मान दिला, पण संस्थेचे ओझे आपले म्हणून उचलले नाही.

आता कोल्हापूरकडे वळू. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचे मैदान बांधले आणि त्याच्याच शेजारी १९१५ साली पॅलेस थिएटर उभारले. पुढे त्याला, कोल्हापुरातच जन्मलेल्या केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. येथे सांगलीशी तुलना करून पाहा. सांगलीचा आश्रय एका मंडळीला होता, आणि तो राजाबरोबर संपला. कोल्हापुरात राजाने वास्तू बांधली, आणि १९२२ साली महाराज गेले तरी वास्तू राहिली. संस्थाने गेली, नगरपालिका आली, महानगरपालिका झाली, तरी नाटकगृह नाटकाचेच राहिले. आश्रयाचे दानातून हक्कात रूपांतर होते ते असे. पैलवान आणि नट यांना शेजारी बसविण्यात महाराजांची दृष्टीही दिसते. शहराला पाणी लागते, बाजार लागतो, शाळा लागते, तसेच चार माणसांनी एकत्र बसून हसण्यारडण्याची जागाही लागते, ही ती दृष्टी.

स्वातंत्र्यानंतर सरकार हा मोठा आश्रयदाता झाला. १९५३ साली दिल्लीस संगीत नाटक अकादमी स्थापन झाली. १९५४ साली मुंबई राज्याने नाट्यस्पर्धा सुरू केली. या स्पर्धेने केलेले काम मोठे आहे. कचेरीतला कारकून, शाळामास्तर, गिरणीतला कामगार यांना वर्षातून एकदा का होईना, रंगमंच मिळाला, आणि जिल्ह्याच्या गावांतून नवे लेखक आणि नवे दिग्दर्शक पुढे आले. पुणे महानगरपालिकेने बालगंधर्व रंगमंदिर बांधले. त्याची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली, आणि उद्घाटन २६ जून १९६८ रोजी झाले. ते पाहायला बालगंधर्व नव्हते. ते आदल्या वर्षीच गेले होते.

पण सरकारही काही मागते. मुंबई प्रांतात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत तमाशावर बंदी आली. सुधारणेच्या अटी मान्य करून तमाशा पुन्हा उभा राहिला. १९७२ साली विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' आले, तेव्हा परिनिरीक्षण मंडळ आणि नाटक यांचा झगडा उच्च न्यायालयापर्यंत गेला. कमलाकर सारंगांनी तो लढविला आणि जिंकला. एका हाताने अनुदान आणि दुसऱ्या हाताने कात्री, हा सरकारी आश्रयाचा जुनाच स्वभाव आहे. इंग्लंडात १९४६ साली कलांसाठी एक स्वायत्त मंडळ नेमले गेले, ते याच भीतीने. पैसा सरकारने द्यावा, पण कोणाला द्यावा हे कलेतल्या जाणत्यांनी ठरवावे, ही त्यामागची कल्पना. दक्षिणा प्राइझ कमिटीची आठवण ठेवून एवढेच म्हणतो की, जाणते कोण आणि त्यांना कोणी नेमावे, हा प्रश्न त्यानेही सुटत नाही. तो जागरूक लोकांनी सतत विचारीत राहावा लागतो.

राजा, तिकीट आणि सरकार असे तीन आश्रय झाले. चौथ्याकडे आपण शहरातली माणसे फारसे लक्ष देत नाही, आणि तो तर सर्वांत जुना आहे. तो म्हणजे गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यात नारायणगावाला जाऊन पाहा. तमाशाच्या फडांच्या राहुट्या तेथे लागलेल्या असतात. गावोगावचे पंच आणि यात्रा कमिटीचे लोक येतात, फड पाहतात, घासाघीस करतात आणि आपल्या यात्रेची सुपारी देऊन जातात. हा पैसा कुठून येतो? घरटी वर्गणीतून. देवाच्या पालखीचा खर्च आणि तमाशाचा खर्च एकाच वहीत लिहिला जातो. कोकणात देवळाच्या जत्रेला दशावतार असतो. गोव्यातील देवळांच्या उत्सवांत गावचीच मंडळी मराठी नाटके करीत आली आहेत. पूर्व विदर्भात धानाची कापणी झाली की झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. वडसा येथून मंडळ्या निघतात, गावच्या शंकरपटाला रात्रभर नाटक होते, आणि आसपासच्या गावांचे पाहुणे त्या निमित्ताने घरोघर उतरतात. तेथे मुलीकडच्यांची आणि मुलाकडच्यांची गाठ पडते, सोयरिकी जुळतात. बोलपट आला, दूरदर्शन आले, हातातला फोन आला, तरी हे नाटक बसले नाही. कारण गाव त्याला करमणूक एवढेच समजत नाही, तर आपल्या घरचे कार्य समजते.

या गावकीच्या आश्रयातही उणीव आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. गाव फडाला सुपारी देते, टाळ्या देते, पण फडातल्या बाईला पंक्तीला बसविताना आजवर कचरत आले आहे. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. २००२ साली त्या गेल्या त्या मात्र हलाखीत. त्यांच्या नावाने शासनाचा पुरस्कार त्यानंतर सुरू झाला. कला हवी पण कलावंताचे म्हातारपण नको, ही आपली वृत्ती चारही आश्रयांत सारखीच आढळते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे नाटकगृहे मिटली आणि ऐन हंगामात यात्रा बंद झाल्या, तेव्हा हे उघडे पडले. पडद्यामागचे कामगार आणि फडांतले वादक यांच्या हाती एका हंगामात काही उरले नाही. सुपारी नाही म्हणजे चूल नाही, असा तो सरळ हिशेब होता.

आणि मग ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आली. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या सकाळी नाट्यगृहापाशी जमलेल्या कलावंतांच्या आणि नागरिकांच्या डोळ्यांत पाणी होते. शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला, आणि ते त्याचे कर्तव्यच होते. परंतु या घटनेतून मला दिसते ते असे की, ते रडणारे लोक कोणाच्या तरी मालमत्तेसाठी रडत नव्हते. शंभर वर्षांत ती वास्तू त्यांची झाली होती. ज्या वस्तूसाठी गाव रडते, ती वस्तू गावाने पोसलेली असते, मग बांधणारा कोणी का असेना.

एवंच, रंगभूमीचा पोशिंदा कोण, या प्रश्नाला इतिहासाचे उत्तर असे आहे की, कोणी एक नाही आणि कोणी एक असूही नये. एकाच्या ओंजळीने पाणी पिणारी कला त्याच्या लहरीबरोबर बुडाली आहे. तिला सरकारचे साह्य हवे, प्रेक्षकाचे तिकीट हवे, धनिकाची देणगी हवी, आणि या सगळ्यांच्या मुळाशी घरटी वर्गणीची ती जुनी भावना हवी. आपल्या शहरांतून नाटकगृहे बांधली गेली, पण त्यांचे छप्पर गळते की नाही, मेकपच्या खोलीत पाणी आहे की नाही, होतकरू संस्थेला परवडेल असे भाडे आहे की नाही, हे विचारायला पालिकेच्या सभेत कोणी जात नाही. रस्त्यावर खड्डा पडला तर आपण अर्ज करतो. नाटकगृह सहा महिने बंद राहिले तर आपण घरी बसतो.

त्यासाठी मोठे काही करावे लागत नाही. आपल्या गावच्या नाटकगृहाची स्थिती वर्षातून एकदा पाहून पालिकेला लेखी कळवावी. फुकट पासाची वाट न पाहता तिकीट काढावे. नव्या संस्थेच्या पहिल्या प्रयोगाला जावे, तो कच्चा असला तरी जावे, कारण पक्का प्रयोग पाहायला सगळेच येतात. आणि गावातल्या एखाद्या वृद्ध कलावंताचा मानधनाचा अर्ज कचेरीत अडला असेल, तर दोघातिघांनी मिळून त्याची विचारपूस करावी. वसंत ऋतूत अशी व्याख्याने ऐकायला आपण जमतो, ही व्याख्यानमालाही कोणा राजाने चालविलेली नाही. ती पिढ्यान्पिढ्या श्रोत्यांनी चालविली आहे. तेच बळ थोडेसे नाटकगृहाकडे वळविले, तर सांगलीच्या त्या पहिल्या खेळाचे ऋण आपल्याकडून अंशतः तरी फिटेल.